नवरी आणि हुक्का

मित्रांनो, मी एक जुना हुक्का आहे. पण दचकू नका. मला आजवर कुणी ओढलेलं नाही आणि माझ्यातून धूरही कधी निघालेला नाही. हुक्का हे माझं गावात पडलेलं नाव. खरं म्हणाल तर मी एक पाण्याचं भांडं आहे, जाड, आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचं, वीतभर उंचीचं. आता माझ्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे आणि पोटात माती भरून पुदिना लावला आहे. मृत समुद्राकाठच्या गोर अस-साफी गावात नौफाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत मी बसलेला असतो. इथून अंगणातली पिकअप गाडी सरळ समोर दिसते. ती दिसते हेच माझं दुखणं आहे.

आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक सोशिक असतात. लोकांनी वापरलं, फेकलं, तरी त्या कुणाला बोल लावत नाहीत. मी तसा नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी मत्सरी आहे. आयुष्यभर मी एकीवर जळत आलो, आणि आता म्हातारपणी आणखी एकावर जळतो आहे.

माझी पहिली वर्षं डोंगरावरच्या करक शहरात गेली. एका डॉक्टरीणबाईंच्या ओट्याखाली पाणी गाळायचं यंत्र होतं, त्याचं मी भांडं. त्यांनी नवं यंत्र घेतलं आणि मी भंगारात गेलो. तिथून मला उचललं जिरियस मिस्त्रींनी. मिस्त्रींनी मला उजेडाकडे धरलं, फिरवून फिरवून पाहिलं, बोटाच्या पेरानं अंगावर टक् करून वाजवलं आणि म्हणाले, "हाच पाहिजे होता!"

मित्रांनो, ही माझ्या वाट्याला आलेली पहिली शाबासकी. पुढची सात वर्षं मी तिच्यावरच काढली.

मिस्त्रींनी मला एक नळी तळाशी जोडली आणि एक वर. आत बोराएवढा लाल तरंगता गोळा बसवला. पाणी कमी झालं की गोळा खाली बसणार आणि विजेचा करंट तोडणार, अशी त्याची करणी. बाहेरून पाण्याची पातळी दाखवणारी एक रेघ ओढली. झाकणाला मात्र आटे पाडले नाहीत, नुसती रबराची कडी लावून ते दाबून बसवलं. त्यांच्याकडचा कारागीर म्हणाला, "मिस्त्री, हे झाकण एका फटक्यात उडेल की!"

"उडायलाच पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "वेळ आलीच तर झाकण उडावं, भांडं फुटून तुकडे कुणाच्या डोळ्यात जाऊ नयेत."

मला वाटलं, वा, काय विचार करून घडवतायत मला! पण त्याच टेबलावर, माझ्यापासून हातभर अंतरावर, ती आकाराला येत होती. सोळा पोलादी पत्रे, एकावर एक रचलेले, आरशासारखे घासलेले, चारी कोपऱ्यांना चकचकीत बोल्ट. तिच्यात पाणी आणि थोडा खार घालायचा, गाडीच्या बॅटरीचा करंट सोडायचा, की ती पाणी फोडून त्याचा वायू करणार. तो वायू इंजिनात पेट्रोलच्या जोडीला जळणार. आजूबाजूच्या दुकानांतली माणसं चहाचे पेले हातात घेऊन तिला बघायला आली. एकानं तर तिच्यात बघून मिश्या नीट केल्या. माझ्याकडे पाहून कुणी काय केलं असेल? माझ्यावर चहाचा पेला ठेवला.

आमची गाडी मुफ्लेहची. नावानं पिकअप, चालीनं गाढव. मुफ्लेह गोरमधले टोमॅटो भरून वर करकच्या बाजारात न्यायचा. आमचं गाव खाली मृत समुद्राच्या काठी, आणि करक पार डोंगराच्या माथ्यावर. तो चढ चढताना गाडी पेट्रोल अशी प्यायची की जणू रमझानचा उपास सोडते आहे. म्हणून मुफ्लेह मिस्त्रींकडे आला होता.

केबिनच्या मागच्या पत्र्यावर, नेमकं बाजूच्या सीटच्या पाठीशी, तिला बसवलं आणि शेजारी मला. मुफ्लेहनं तिच्यावरून हात फिरवला आणि तो हात ओठांना लावला.

"अरे जिरियस, ही तर नवरी आहे नवरी!" तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "आणि हे काय? नवरीबरोबर हुक्का फुकट दिलास?"

सगळे खो खो हसले. तिचं नाव पडलं नवरी आणि माझं हुक्का. कारण वायू माझ्या तळाशी शिरायचा, पाण्यातून गुडगुडत वर यायचा आणि मग इंजिनाकडे जायचा. आवाज अगदी हुक्क्याचाच.

मिस्त्री मात्र हसले नाहीत. "मुफ्लेह, कान इकडे कर. हा वायू आपण साठवून ठेवत नाही. लागेल तेवढा बनवायचा, बनला तेवढा जाळायचा. इंजिन थांबलं की करंट आपोआप तुटेल, तसा चाप मी बसवलाय. पण तुझं इंजिन म्हातारं आहे. चढावर कधीतरी ते उलटा बार काढणार. तेव्हा ज्वाळा नळीतून मागं पळत येईल. या हुक्क्यात पाणी असलं तर ती इथंच मरेल. नसलं तर नवरीपर्यंत जाईल. आणि नवरीच्या पोटात गेली तर तुझ्या पाठीमागं बॉम्ब फुटेल. समजलं?"

"समजलं, समजलं," मुफ्लेह म्हणाला. तो नवरीच्या बोल्टमध्ये स्वतःचं तोंड बघत होता.

पुढं काय सांगू? गावभर नवरीचा गाजावाजा. बाजारात गाडी उभी राहिली की मुफ्लेह लोकांना हाताला धरून मागं आणायचा. "बघा, पाण्यावर चालते माझी गाडी!" पाण्यावर कुठली चालते? पेट्रोलवरच चालायची, नवरीचा थोडासा हातभार. पण सांगायला कोण जाणार! दर शुक्रवारी तो डोक्याच्या रुमालाच्या टोकानं नवरीला पुसायचा. तिच्यासाठी बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचा डबा आणायचा, तो सावलीत ठेवायचा. तिला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून त्यानं तिच्या बोल्टला एक निळा मणी बांधला. दृष्ट लावणारा तिच्या शेजारीच बसलेला होता, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

मला कुणी हिंग लावूनही विचारत नव्हतं. माझ्यावर धुळीचे थर. एकदा एका कोंबडीनं माझ्या झाकणावर बसून घाण केली, ती आठ दिवस तशीच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नवरीनं काय केलं? फुगे सोडले. ते सगळे फुगे माझ्या पोटातून जायचे. मी रात्रंदिवस तिच्यासाठी दाराशी उभा, आणि दाराचं कौतुक कोण करतं? काही घडत नव्हतं म्हणून माझं काही कामच नाही असं सगळे समजत होते. अहो, काही घडत नव्हतं हेच तर माझं काम होतं.

एक नौफाबाई तेवढ्या माझ्याकडे बघायच्या. मुफ्लेहची बायको. अंगणात कपडे वाळत घालताना त्या गाडीपाशी थांबायच्या, ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसायच्या आणि रेघ बघून पाणी भरायच्या. "तुझं बरं आहे बाबा," एकदा मला म्हणाल्या, "एका जागी बसून गुडगुडतोस. माझ्या नवऱ्यासारखाच आहेस." तेवढ्यावर मी आठवडाभर खूश असायचो.

पण हे आठवड्यातून एकदा. एरवी उन्हाळ्यात माझं पाणी भराभर उडायचं. सहाव्या वर्षी दोनदा असं झालं की चढावरच माझा लाल गोळा खाली बसला, करंट तुटला आणि केबिनमध्ये लाल दिवा लागला. मी माझं काम चोख केलं होतं. वाटलं, आता तरी मुफ्लेह म्हणेल, शाब्बास रे हुक्क्या! तो खाली उतरला आणि त्यानं मला चपलेनं थापड मारली.

"नवरी सोन्यासारखी चालतेय, आणि याचे नखरे!"

दुसऱ्या वेळी त्यानं नखरेच संपवले. माझ्या गोळ्याकडून येणाऱ्या दोन तारा काढल्या, एकमेकींना पीळ घालून जोडल्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. आता माझा गोळा खाली बसो की वर राहो, करंट चालूच. दिवाही कायमचा विझला. मित्रांनो, राखणदाराची जीभ कापून त्याला परत दारात उभं करावं, तसं झालं माझं.

घरी येऊन तो मोठ्या ऐटीत नौफाबाईंना म्हणाला, "दिवा बंद करून टाकला. कटकट गेली."

"दिवा बंद केलात, ते ठीक. पाणी भरलंत का?"

"तू आणि तुझा हुक्का!"

त्या दिवसापासून माझ्या मनात एक वाईट इच्छा बसली. आज ती तुमच्यापुढे कबूल करतो. मला वाटायचं, एकदा ही नवरी जळू दे. एकदाच. मग कळेल यांना हुक्का म्हणजे काय होता. रोज चढाच्या वळणावर इंजिन खोकलं की मी मनात म्हणायचो, आज होऊ दे! नवरीच्या पाठीशी सीट आहे आणि त्या सीटवर माणसं बसतात, याचा मी विचारच केला नव्हता. मत्सराला शेजारचंच तेवढं दिसतं.

मग तो दिवस आला. मे महिना, हंगामाची शेवटची खेप. गाडीत टोमॅटोच्या पेट्या चढत होत्या तेवढ्यात करकहून फोन आला. मुफ्लेहची एकुलती एक मुलगी जवाहिर, तिला दवाखान्यात नेलं होतं. पहिलं बाळंतपण. नौफाबाईंनी चुलीवरचा काढा तसाच थर्मासात ओतला. बाळंतिणीला द्यायचं दालचिनीचं पाणी होतं ते. तीन दिवसांपासून त्या त्यासाठी चांगली दालचिनी शोधत होत्या.

"पेट्या उतरवा!" त्या म्हणाल्या.

"उतरवायला तासभर जाईल. आहे तसंच निघू. चल, बस."

नौफाबाई बाजूच्या सीटवर बसल्या, थर्मास मांडीवर. माझ्या पुढ्यातल्या काचेतून मला त्यांच्या डोक्यावरचा काळा रुमाल दिसत होता.

निम्मा चढ चढलो. दुपारचं ऊन असं की पत्र्याला हात लावला तर कातडी निघावी. एका वळणावर एक गाडी उभी, बॉनेट उघडं, वाफेचा लोट. शेजारी एक म्हातारा माणूस, त्याची सून आणि तीन पोरं दरडीच्या चतकोर सावलीत बसलेली.

मुफ्लेहनं लगेच गाडी थांबवली. आमच्याकडे पाणी मागणाऱ्याला कुणी ओलांडून जात नाही. बाळंतपण असो, मयत असो.

"सलाम, चाचा! काय झालं?"

"पाणी संपलं रे पोरा. रेडिएटर कोरडा झालाय. तासभर उभे आहोत."

पिण्याच्या पाण्याची बाटली नौफाबाईंनी आधीच पोरांच्या हातात दिली होती. मुफ्लेहनं मागून नवरीचा डबा काढला. पाच लिटर शुद्ध पाणी. नौफाबाई त्याला अबू जवाहिर म्हणायच्या, म्हणजे जवाहिरचा बाप. त्या खिडकीतून म्हणाल्या, "अबू जवाहिर, थोडं हुक्क्यासाठी ठेवा. काल बघितलं तेव्हा रेघेच्या खाली होतं."

"ऐकलंत चाचा? पाणी मोजून द्या म्हणते!" मुफ्लेह हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. परक्या माणसासमोर पाण्याचा हिशेब म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं. त्यानं डबा उलटा केला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रेडिएटरात ओतला. म्हाताऱ्यानं त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तोंड भरून दुवा दिला. पोरं हात हलवत खाली निघून गेली.

त्याचं मला वाईट वाटलं नाही. पाणी द्यायलाच पाहिजे होतं. पण पुढं त्यानं जे केलं ते ऐका.

गाडी पुढं निघाली आणि तिनं दम टाकला. पेट्यांचं ओझं, वर ऊन. मुफ्लेह उतरून मागं आला. नवरीच्या पाणी दाखवणाऱ्या काचेत पाणी तळाला गेलेलं. "अरे देवा," तो पुटपुटला, "नवरी तहानली. हिच्याशिवाय गाडी चढायची नाही." त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांत तो माझ्याकडे इतका नीट पहिल्यांदाच बघत होता. मी हरखलोच म्हणा ना!

त्यानं माझी तळाची नळी सोडवली, रिकामा डबा खाली धरला आणि माझ्या पोटातलं होतं नव्हतं ते पाणी काढून घेतलं. ते सगळं त्यानं तिला पाजलं. मग नळी परत जोडली, हात झटकले आणि वळला. माझा लाल गोळा तळाशी आपटला. आधी असता तर करंट तुटला असता. पण तारांना पीळ होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं फुगे तिचे, मणी तिला, रुमाल तिला, आणि आता माझं पाणीसुद्धा तिलाच! मी मनात म्हणालो, ठीक आहे. पी. आता पुढच्या बारात जळ तू. मला बघायचंच आहे.

आणि तेवढ्यात मला काचेतून तो काळा रुमाल दिसला.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. नवरीच्या पाठीशी, एका पत्र्याच्या अंतरावर, नौफाबाई होत्या. माझं तोंड पुसणाऱ्या. इतके दिवस मी जे मागत होतो, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. मला ओरडायचं होतं. भांड्याला कुठला आवाज? पाणी असतं तर निदान गुडगुडलो असतो.

मुफ्लेहनं गाडी सुरू केली. दहा-वीस हात पुढं गेली असेल, तोच केबिनमधून नौफाबाईंचा आवाज आला.

"थांबवा."

"आता काय?"

"हुक्का बोलत नाहीये."

मुफ्लेहला काही कळेना. पण बाईंच्या पाठीमागं सात वर्षं मी गुडगुडत होतो. तो आवाज गेलेला त्यांना कळला. त्या खाली उतरल्या, मागं आल्या आणि मला रिकामं बघून त्यांचे डोळे मोठे झाले.

"याचं पाणी कुठं गेलं?"

"नवरीला घातलं. वर पोचल्यावर भरू याला."

"मिस्त्री काय म्हणाला होता?"

"मिस्त्री इथं आहे का? बाई, तिकडे पोरगी अडलीय आणि तू हुक्क्याची काळजी करतेस?"

"पोरगी अडलीय म्हणूनच करतेय! तिला आई-बाप हवेत का कोळसे?"

आणि नौफाबाईंनी थर्मासाचं झाकण फिरवलं.

"अगं, अगं! ते जवाहिरचं आहे!" मुफ्लेह ओरडला. "हुक्क्याला बाळंतकाढा पाजतेस? लोक काय म्हणतील!"

"लोक नाहीत इथं. धरा झाकण."

कोमट, तपकिरी, वासाचं पाणी माझ्या पोटात उतरलं. बाईंनी थोडं थोडं ओतलं, डोळे माझ्या रेघेवर. रेघेवर आल्यावर थांबल्या. थर्मासात चमचाभरही उरलं नाही. त्यांनी झाकण दाबून बसवलं, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि जाऊन सीटवर बसल्या. मी त्यांना सांगू शकलो असतो तर म्हणालो असतो, बाई, आता काही होऊ देत नाही.

करकचा किल्ला दिसू लागतो त्या शेवटच्या वळणावर इंजिनानं एक लांब उचकी दिली. मग धाड! बॉनेटखालून नळी थरथरली. ज्वाळा मागं आली. ती कशी दिसते हे सांगायला मला वेळच मिळाला नाही. माझ्या पाण्यावरच्या मोकळ्या जागेतला वायू पेटला, झाकण बंदुकीच्या गोळीसारखं आकाशात गेलं, माझ्या अंगाला कड्कन तडा गेला आणि दालचिनीचं पाणी काचेवर, टोमॅटोवर, सगळीकडे उडालं. पण तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं. ज्वाळा त्याच्या खाली उतरू शकली नाही. तिथंच विझली. इंजिन बंद पडताच करंटही तुटला. तो चाप तेवढा मुफ्लेहनं पिळला नव्हता, हे आमचं नशीब.

सगळं शांत झालं. दालचिनीचा वास पसरला होता.

मुफ्लेह धडपडत मागं आला. चेहरा पिठासारखा पांढरा. आणि मित्रांनो, तुम्हाला वाटेल त्यानं मला उचलून छातीशी धरलं असेल. छे! त्यानं दोन्ही हात नवरीवर ठेवले. "वाचली! अल्लाची कृपा, नवरी वाचली!"

मरता मरता माझा जळफळाट झाला. तेवढंही सुख नाही.

मग नौफाबाई आल्या. त्यांच्या मानेवर काढ्याचे शिंतोडे होते. त्यांनी मला ओढून काढलं, छातीशी धरलं. तड्यातून शेवटचं पाणी त्यांच्या हातावर गळत होतं.

"तिला काय बघताय?" त्या म्हणाल्या. "यानं वाचवलं तिला. आणि मला. मी कुठं बसले होते, बघा जरा!"

मुफ्लेहनं पाहिलं. नवरी, मग पत्रा, मग सीट, सीटवर ठेवलेला रिकामा थर्मास. तो रस्त्याच्या कडेला धुळीत बसला, रुमाल तोंडावर ओढला आणि लहान पोरासारखा रडला. मग उठला आणि त्यानं त्या दोन तारांचा पीळ सोडवला.

नवरी बंद ठेवून गाडी सुरू केली. जिच्याशिवाय गाडी चढणार नव्हती, तिच्याशिवाय ती चढली. हळूहळू चढली, पण चढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा जवाहिरला मुलगी झाली होती. "आई, दालचिनीचं पाणी?" तिनं विचारलं. नौफाबाई म्हणाल्या, "वाटेत एकानं पिऊन टाकलं. तुझ्या बापाला विचार." शेजारच्या खाटेवरच्या बाळंतिणीच्या सासूनं आपल्या थर्मासातलं निम्मं दिलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला हातात घेतलं. तडा पाहिला, तपकिरी डाग पाहिला, आत बोट घालून हुंगलं.

"दालचिनी?"

"लांबलचक गोष्ट आहे," मुफ्लेह म्हणाला.

"तारा कुणी पिळल्या होत्या? खुणा दिसतायत."

मुफ्लेह खोटं बोलला नाही हे कबूल केलं पाहिजे. "मी," तो म्हणाला. मिस्त्रींनी त्याला अशा काही शिव्या घातल्या की शेजारचा लोहार काम थांबवून ऐकत राहिला. मग त्यांनी मला टेबलावर ठेवलं, पेरानं टक् करून वाजवलं. तडकलेल्या भांड्याचा आवाज बद्द येतो. त्यांनी मान हलवली आणि फळीवरून नवं भांडं उतरवलं.

आता रोज सकाळी मी खिडकीतून बघतो. मुफ्लेह गाडीपाशी उकिडवा बसतो. नवरीला नाही, त्या नव्या भांड्याला पुसतो! डोळा रेघेच्या पातळीला आणतो, पाणी घालतो, आणि ओरडतो, "बाई, रेघेवर आहे!"

खिडकीतून नौफाबाई विचारतात, "तारा?"

"मोकळ्या आहेत!"

"दिवा?"

"लागतो, लागतो! निघू का आता?"

आणि मी इथं पुदिन्यात मुळासकट जळतो. त्या नव्यानं काय केलं आहे? काही नाही. एक ज्वाळा बघितलेली नाही त्यानं. सात वर्षं मी ज्याची वाट बघितली ते त्याला पहिल्या दिवसापासून आयतं मिळतंय. तांब्यात उरलेलं पाणी बाई माझ्या मातीत ओततात. उष्टं पाणी माझ्या वाट्याला! पण खरं सांगू? त्यानं कधीही ज्वाळा बघू नये, असंच मला वाटतं. त्या सीटवर अजूनही त्याच बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरात, गाडीत, शाळेतही माझ्यासारखं कुणीतरी असेल. काही न करता नुसतं कोपऱ्यात बसलेलं. त्याच्यात पाणी आहे का, त्याची तार कुणी पिळून ठेवली आहे का, एवढं आठवड्यातून एकदा बघत जा. त्याचं कौतुक नाही केलंत तरी चालेल. म्हणजे, केलंत तर बरं.

आणि तो निळा मणी? मला वाटलं होतं, नव्या भांड्याला बांधतील. मी त्यासाठीही जळायची तयारी ठेवली होती. पण मुफ्लेहनं तो नवरीच्या बोल्टवरून सोडला आणि नातीच्या मनगटात बांधला. शुक्रवारी जवाहिर येते, पोरीला ओट्यावर बसवते. पोरगी माझ्यातला पुदिना ओरबाडते, हात आपटते, आणि तिच्या मनगटावरचा मणी माझ्या अंगावर वाजतो. टक्.

तेवढा वेळ मी अंगणाकडे बघत नाही.